कानांना त्रास न देता संगीताचा अंक कसा काढावा

अभिनंदन! सांस्कृतिक मंडळाच्या बैठकीत तुम्ही मागच्या बाकावर बसून कशाला तरी हसलात, सरांची नजर तुमच्यावर गेली आणि ‘यंदा आपण संगीताला वाहिलेला अंक काढतोय, तू बघ’ असं म्हणून ते पुढच्या विषयाकडे वळले. आता तुम्ही संपादक आहात. घाबरू नका. भूप आणि देसकार यांतला फरक तुम्हाला सांगता येत नसेल तर फारच छान. दोन्ही रागांचे स्वर तेच असतात, फरक कळायचा तर बसून ऐकावं लागतं, आणि पुढच्या चार महिन्यांत तुम्हाला जेवायलाही वेळ मिळणार नाही.

आधी थोडा इतिहास पाठ करा. संपादकीयात लागतो. १९६६च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या स्वार्थमोर कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या मुलाने ‘क्रॉडॅडी’ नावाचं मासिक चक्रमुद्रित करून काढलं. त्यात देखण्या गायकांचे फोटो नव्हते, भानगडी नव्हत्या. रेकॉर्ड लावायची, ऐकायची आणि जे ऐकू आलं त्यावर विचार करून लिहायचं, एवढाच त्याचा उद्योग. रॉक संगीताबद्दल गांभीर्याने लिहिणारं अमेरिकेतलं पहिलं मासिक म्हणून आजही त्याचं नाव घेतात. पुढच्याच वर्षी बर्कलीचं शिक्षण अर्धवट सोडलेल्या यान वेनरने साडेसात हजार डॉलर उसने जमवून सान फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ सुरू केलं. आपल्याकडे १९९३ साली अमित सैगल यांनी मुंबई-दिल्लीतून नव्हे, चक्क अलाहाबादेतून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ काढलं.

ही उदाहरणं जरूर द्या. अनुकरण मात्र करू नका. या मंडळींना अंक वाचणाऱ्यांसाठी काढायचा होता. तुम्हाला तो प्रकाशनासाठी काढायचा आहे.

१. संपादक मंडळ नेमा.

संपादक, कार्यकारी संपादक, सहसंपादक, अतिथी संपादक, सल्लागार, समन्वयक, सहसमन्वयक. बावीस जण सहज बसतात. त्यांचा सामूहिक फोटो पान तीनवर. मुली बसलेल्या, मुलं मागे उभी, एक जण डोळे मिटलेला. बाविसातले एकोणीस जण पुढे फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमीत असतील आणि ‘आज जमणार नाही रे’ एवढाच मजकूर देतील. प्रत्यक्ष लिहिणाऱ्या मुलीचं नाव मंडळात घालू नका, ती शेवटच्या पानावर ‘विशेष आभार’मध्ये शोभते.

२. नाव ठरवा.

एका कागदावर स्वर, सूर, नाद, ताल, लय लिहा. दुसऱ्यावर गंध, रंग, वेध, तरंग, यात्रा. डोळे मिटून एकेक चिठ्ठी उचला. तेच नाव मागच्या वर्षी दुसऱ्या महाविद्यालयाने घेतलेलं असेल तर शेवटी साल जोडा.

३. शुभसंदेश गोळा करा.

संस्थेचे अध्यक्ष, कार्यवाह, प्राचार्य, उपप्राचार्य आणि विभागप्रमुख यांचे संदेश क्रमाने हवेत. हे संदेश ते लिहीत नाहीत, तुम्ही लिहिता. एकच लिहा: ‘संगीत ही वैश्विक भाषा आहे’ येथून निघा आणि ‘विद्यार्थ्यांच्या सुप्त कलागुणांना वाव’ येथे पोचा. वाक्यांचा क्रम बदलत पाच कागद करा आणि ऑफिसात नेऊन द्या. ते आठवडाभर सहीसाठी पडून राहतील. क्लार्क बाईंच्या टेबलाशी रोज जाऊन उभे राहा, रियाज म्हणतात तो हाच. फोटो पासपोर्ट आकाराचाच मिळेल, बहुधा पंधरा वर्षांपूर्वीचा. पाच पानं भरली आणि अजून एकाही गाण्याचा उल्लेख आलेला नाही. गती उत्तम आहे.

४. जाहिराती मिळवा.

गिटार क्लास, मेस, झेरॉक्सवाले, मंडळातल्या एखाद्याचे विमा विकणारे काका. मागचं कव्हर सर्वांत महाग, मग आतली दोन, मग साधी पानं. हा दर तोंडपाठ ठेवा, कारण प्रत्यक्षात प्रत्येक जण विचारणार, ‘तेच पण अर्ध्यात?’ पैसे अंक निघाल्यावर देतो म्हणतात. अंक निघाल्यावर दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. जाहिरात ऐनवेळी वाढली तर लेख कापा. कुठून कापायचा याचा विचार करू नका, खालून कापा. ‘पण या बंदिशीचं खरं सौंदर्य आहे ते’ येथे लेख थांबला आणि पुढे थाळीचा दर आला तर वाचक त्याला आधुनिक गद्य समजतो.

५. मुलाखत घ्या.

गावातल्या ज्येष्ठ गायिकेकडे जा. जाण्यापूर्वी त्यांचं गाणं ऐकलंत तर मनात प्रश्न उभे राहतात. मग त्या उत्तरं देतात, ती समजून घ्यावी लागतात, आणि तासाभराची मुलाखत तीन तास चालते. म्हणून प्रश्न ठरलेलेच विचारा: संगीताची आवड कशी निर्माण झाली, गुरूंची आठवण सांगा, रिमिक्सबद्दल आपलं मत काय, तरुणांना काय संदेश द्याल. चौथ्या प्रश्नाचं उत्तर रियाज असं येईल. पहिल्या तिन्हींचंही तेच येऊ शकतं.

त्या हौसेने तानपुरा जुळवून गुरूंकडून मिळालेली जागा गाऊन दाखवायला लागल्या की हळूच रेकॉर्डिंग थांबवा, मोबाइलची बॅटरी वाचते. ध्वनिमुद्रणाचा मजकूर यंत्राकडून उतरवून घ्या आणि पुन्हा ताडून पाहू नका. ‘पहाटे चारला उठून खर्ज लावायचे’ याचं ‘पहाटे चारला उठून कर्ज लावायचे’ होतं. घरची परिस्थिती बेताची होती, हा मानवी पैलू त्यामुळे आपोआप येतो.

६. समीक्षा लिहा.

इथे मात्र थोडं थांबा, ही खरी विद्या आहे.

डिसेंबरात पुण्यात सवाई. भीमसेन जोशींनी गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३मध्ये हा महोत्सव सुरू केला, एवढी ओळ आधीच टंकून ठेवा, तीवर चूक निघत नाही. बाकीची समीक्षा महोत्सवापूर्वीच लिहावी. साचा असा: ‘गुलाबी थंडीत रंगलेल्या मैफलीत (नाव) यांनी (राग) या रागाने सुरुवात केली. विलंबित एकतालातील बंदिशीतून रागाचे स्वरूप हळुवार उलगडत नेले. द्रुत तीनतालात दाणेदार तानांची बरसात केली. मैफल उत्तरोत्तर रंगत गेली. रसिकांनी उत्स्फूर्त दाद दिली. भैरवीने सांगता झाली.’ कंसातल्या जागा आयोजकांच्या पत्रकावरून भराव्यात. तबला आणि संवादिनी यांची साथ ‘समर्पक’ असते. तबलजीने काय वाजवलं, चांगलं की वाईट, याचा त्या शब्दाशी काही संबंध नाही. मागे बसून तीन तास तानपुरे छेडणाऱ्या दोन विद्यार्थिनींची नावं गाळा, दोन ओळी वाचतात.

प्रत्यक्ष जावंच लागलं तर वेळ खाण्याच्या स्टॉलवर काढा. तिथेही लांबून ऐकू येतं आणि दाद देण्याची जबाबदारी पडत नाही. राग ओळखायचा असेल तर बैठकीवर परत येऊन शेजारच्या काकांना विचारा. ते म्हणतील मारवा. त्यांच्या पलीकडचे काका न विचारता म्हणतील, छे हो, पूरिया. तिसऱ्या काकांच्या वाट्याला जाऊ नका, ते सोहनी म्हणतील. गंमत अशी की तिन्ही रागांचे स्वर तेच आहेत. गायक कुठल्या स्वरावर ठाण मांडतो आणि सप्तकाच्या कुठल्या भागात वावरतो यावर राग ठरतो, आणि त्यासाठी काकांसारखी चाळीस वर्षं बैठकीवर काढावी लागतात. तुमच्याकडे सोमवारपर्यंत वेळ आहे. ‘सायंकालीन राग’ असं लिहून मोकळे व्हा. मारवा आणि पूरिया दोघांचीही सोय होते. सोहनीवाल्या काकांना घड्याळ दाखवा, तो राग रात्रीच्या उत्तरार्धातला.

बँडची समीक्षा निराळी. पुण्यात २०१०पासून ‘एनएच७ वीकेंडर’ सुरू झाल्यावर प्रत्येक वर्गात निदान एक बँड असतोच. त्यांच्या वादनाला ‘एनर्जी’ असते, आवाजाला ‘रॉनेस’ असतो, आणि बेसवादक बेसुरा वाजवत असेल तर त्याला ‘एक्स्पेरिमेंटल’ म्हणतात. खरं लिहायचा मोह होईल. ड्रमर तुमच्याच प्रॅक्टिकलच्या बॅचमध्ये आहे आणि जर्नल त्याचंच उतरवायचं आहे, हे लक्षात ठेवा.

७. पानं कमी पडली? गाणी छापा.

आवडत्या गाण्यांचे शब्द पूर्णच्या पूर्ण छापणे हा पान भरण्याचा सर्वांत जुना मार्ग. भारतात साहित्यकृतीवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. गदिमा १९७७च्या डिसेंबरात गेले, म्हणजे १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवर गाजलेल्या ‘गीतरामायणा’च्या छप्पन्न गीतांचे शब्द २०३७ सरेपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे आहेत. परवानगीचं पत्र लिहावं, उत्तराची वाट पाहावी, असले विचार मनात आले तर पाणी प्या. गाण्याखाली बारीक अक्षरात ‘साभार : इंटरनेट’ असं छापा. इंटरनेटने आजवर हरकत घेतलेली नाही. पहिल्या पानावर ‘केवळ खासगी वितरणासाठी’ ही ओळही टाका. ती छापली की सगळ्या जबाबदाऱ्या संपतात, असा गोड समज महाविद्यालयात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो मोडणारे आपण कोण?

८. डीटीपी करून घ्या.

मजकूर तीन वाटांनी येईल: व्हॉट्सॲपवर युनिकोडमध्ये, सरांकडून जुन्या फॉण्टच्या फाइलीत, आणि वहीच्या पानाचा तिरका फोटो काढून. तिन्ही एकत्र ओता. जुना फॉण्ट युनिकोडमध्ये बदलताना काही जोडाक्षरं वाटेतच राहतात, त्यांची वाट पाहू नका. उरलेलं काम इनडिझाइन करेल. तिथे देवनागरीसाठी ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ चालू करावा लागतो, न केल्यास ऱ्हस्व वेलांटी भलत्याच बाजूला जाऊन बसते. ही खूण कुणाला सांगायची नसते. ज्या मुलाला ती ठाऊक असते तोच पुढल्या वर्षीही मांडणीला लागतो, म्हणून तो बिचारा गप्प असतो.

आता स्वरलिपी. संगीताचा अंक म्हटल्यावर एखाद्या बंदिशीची स्वरलिपी हवी, पान भारदस्त दिसतं. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ असते, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकातल्या स्वराखाली टिंब आणि तार सप्तकातल्या स्वरावर टिंब. पलुसकर पद्धतीत मंद्राचं टिंब स्वराच्या वर असतं आणि तारेला उभी रेघ लागते. दोन लेखकांकडून दोन पद्धतींच्या बंदिशी मागवा आणि समोरासमोर छापा. कोणती कुठली हे सांगू नका. डाव्या पानावरचा षड्ज आणि उजव्या पानावरचा षड्ज दिसायला तोच, डोक्यावर तेच टिंब, आणि मध्ये दोन सप्तकांचं अंतर. गळा कुणाचा बसला तर संपादक जबाबदार नाही, असंही पहिल्या पानावर छापता येईल.

डीटीपीवाले दादा सज्जन असतात. स्वरांखालच्या रेघा पाहून त्यांना वाटतं, पोरांकडून चुकून अंडरलाइन पडली. ते सगळा मजकूर निवडतात आणि एका फटक्यात रेघा काढून टाकतात. तुमच्या भैरवीतले रे, ग, ध, नी चारही कोमल स्वर त्या क्षणी शुद्ध होतात आणि बिलावल तयार होतो. पंडितांना थाट बदलायला अंगी विद्या लागते, दादांना माऊस पुरतो. शब्द लांबवण्याच्या अवग्रहाऐवजी जागोजागी इंग्रजी एस टंकलेला असेल, तोही राहू द्या. हे सगळं कुणाच्या लक्षात येईल ही भीती बाळगू नका. लक्षात यायला कुणीतरी अंक पेटीवर उघडा ठेवून सूर दाबून पाहावा लागेल. अंकावर पेटीचं चित्र आहे, तेवढा संबंध पुरे.

मुद्रितशोधन केव्हा करायचं? फाइल प्रेसला देताना अक्षरांचे ‘कर्व्ह’ करतात. अक्षराचं चित्र होऊन जातं आणि मग त्यात काना-मात्रासुद्धा बदलता येत नाही. ते झालं की ठीक दहा मिनिटांनी निवांत चहा घेत पहिलं पान वाचा. प्राचार्यांच्या आडनावातली चूक तेव्हाच दिसते.

९. चित्रं लावा.

छपाईला तीनशे डीपीआयचा फोटो लागतो. तुमच्याकडे आलेला फोटो चार ग्रुपांतून फिरून आलेला असेल. मोठा करा. गायकाचा चेहरा चौकोनी ठिपक्यांत गेला तर अमूर्त चित्रकलेशी नातं सांगता येतं. मांडणीचा एक नियम सर्वांना माहीत असतो: फोटोतल्या माणसाने पानाच्या आत पाहावं. तो बाहेर पाहत असेल तर फोटो आरशासारखा उलटा करा. तबलजी डावखुरा होतो, दायाँ-बायाँची अदलाबदल होते आणि मागच्या फलकावरचं प्रायोजकाचं नाव उलटं वाचावं लागतं. नजर मात्र आत येते. तानपुऱ्यावरच्या लेखाला सतारीचा फोटो लावा, दोन्हींना भोपळा असतो. किराणा घराण्यावरच्या लेखासाठी फुकट चित्रांच्या संग्रहात शोध घेतला तर तांदळाच्या गोण्या मिळतील. त्या लावल्यात तर समोरच्या पानासाठी वाण्याची जाहिरात मिळण्याचीही आशा आहे.

शेवटी क्यूआर कोड. वाचकाने तो स्कॅन करून गाणं ऐकावं, ही अंकातली ऐकण्याची एकमेव सोय. तो थेट तुमच्या ड्राइव्हवर जातो, तिथे परवानगी मागावी लागते आणि ती विनंती तुम्ही वापरत नसलेल्या ईमेलवर येते.

१०. छापा.

सेंटर पिन मारायची असेल तर पानं चारच्या पटीत हवीत. तुमची अठ्ठावन्न भरतील. प्रेसवाले काका म्हणतील, ‘दोन काढा नाहीतर दोन घाला.’ घाला. ‘टिपणे’ असं शीर्षक देऊन दोन कोरी पानं सोडा, संपूर्ण अंकात वाचक त्यांचाच उपयोग करतो.

मोबाइलच्या पडद्यावर झळकणारा स्टेजवरचा निळा-जांभळा प्रकाश चार शाईंच्या छपाईत येत नाही, तो शिळ्या वांग्यासारखा उतरतो. दोष काकांना द्या, ते सरावलेले आहेत. मग प्रतींचा प्रश्न. तुम्हाला हव्यात तीनशे. काका पाटीवर हिशेब मांडतात: ऑफसेटचा मोठा खर्च प्लेटांचा आणि मशिन लावण्याचा, तो तीनशेला तेवढाच आणि हजारालाही तेवढाच, पुढे वाढतो तो फक्त कागद. प्रतीमागे दर निम्म्याखाली येतो. हिशेब अचूक आहे. त्यात हजार वाचक कुठून आणायचे, हे सदर नसतं. हजार छापा.

११. प्रकाशन करा.

ज्येष्ठ गायिकेलाच बोलवा. अंक त्या दिवशी बाइंडरकडे असेल. त्यामुळे गेल्या वर्षीच्या अंकाला यंदाचं मुखपृष्ठ चढवा, वर चमकीचा कागद, त्यावर सॅटिनची फीत. पाहुण्यांनी फीत सोडून अंक कॅमेऱ्याकडे धरायचा असतो, उघडायचा नसतो. कुणी उघडलाच तर टाळ्या सुरू करा. ईशस्तवन, दीपप्रज्वलन, पाच मनोगतं (शुभसंदेश तयार आहेतच), परिचय, सत्कार. माईक अधूनमधून शीळ घालेल, ती तार षड्जाच्या आसपास असते. बाईंनी सोबत तानपुरा आणलेला असतो. सूत्रसंचालकाने त्यांच्याकडे वळून अत्यंत नम्रपणे म्हणावं, ‘वेळेअभावी एखादंच छोटं गाणं, ताई. दोन मिनिटांत होईल असं.’ त्या दोन मिनिटांत संपादक मंडळ मागच्या बाजूला बटाटेवडे मोजत असतं.

१२. वितरण.

शुभसंदेशवाल्यांना पाच, संपादक मंडळाच्या घरी दोन-दोन, जाहिरातदारांना एकेक, उधारीची आठवण म्हणून. लेखकांना फोनवर कळवा. उरलेले गठ्ठे ग्रंथालयाच्या जिन्याखाली रचा. नॅकची समिती यायची असेल त्या आठवड्यात वरचे वीस अंक धूळ पुसून टेबलावर पंख्यासारखे पसरले जातात आणि समिती गेली की परत खाली जातात.

नवे संपादक जुलैत नेमले जातील आणि तेही हजारच छापतील. म्हणून ज्यांना आमच्या महाविद्यालयाचा अंक हवा असेल त्यांनी जूनअखेर घेऊन जावा, नंतर त्या जिन्याखाली पाणी येतं. सुटी प्रत मिळणार नाही. गठ्ठा पन्नासाचा आहे, पिशवी घरून आणा.